‘निरंक’ लिहिलेली सोळा वर्षे : कुलगुरू शोध समित्यांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातील विद्यापीठांसाठी कुलगुरुपदाची नावे सुचवणाऱ्या शोध समित्यांचे मा. अध्यक्ष व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी कोणाशी माझी ओळख नाही, आणि कोणाच्या नावाची शिफारस करण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी तेवीस वर्षे संगणकशास्त्र शिकवते आहे. त्याआधी सात वर्षे याच शहरात एका कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत होते. तिथे ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले, त्या आमच्या सरांनी २०१२ साली एका विद्यापीठाच्या कुलगुरुपदासाठी अर्ज केला. सुरुवातीची आठ वर्षे अधिव्याख्याता, मग सोळा वर्षे प्रयोगशाळेत, त्यातली शेवटची अकरा विभागप्रमुख म्हणून, आणि मग पुन्हा शिक्षणात प्राध्यापक, अशी त्यांची वाट. अर्ज मीच टाइप केला होता. रकाने ठरलेले होते, सरांचे आयुष्य त्यांत बसत नव्हते, आणि आम्ही दोघे रात्री साडेदहापर्यंत कुठली गोष्ट कुठल्या रकान्यात टाकायची यावर डोके खाजवत बसलो होतो.

मुलाखतीचे बोलावणे आले नाही. सरांनी विषय सोडून दिला, मला सोडवेना. माहितीच्या अधिकारात छाननीचा तक्ता मागवला. त्यात सरांच्या नावापुढे लिहिले होते : प्राध्यापकपदाचा अनुभव, चार वर्षे. समकक्ष संशोधन अनुभव, निरंक.

त्या विद्यापीठाचे नाव इथे लिहीत नाही. तक्ता भरणाऱ्या कर्मचाऱ्याचीही चूक मी मानत नाही, त्याला जे शिकवले होते ते त्याने केले. पण ‘निरंक’ हा शब्द तेरा वर्षे माझ्या मनात आहे, आणि तो ज्या सोळा वर्षांवर लिहिला गेला ती वर्षे मी जवळून पाहिली आहेत. म्हणून हे पत्र.

त्या प्रयोगशाळेत आम्ही काय करत होतो ते थोडे सविस्तर सांगते, कारण अडचणीचे मूळ तिथेच आहे. कंपनीतले संशोधन म्हणजे काय, हे शैक्षणिक वर्तुळात फार थोड्यांनी पाहिलेले असते. प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून त्यातल्या चुका शोधणारे साधन आम्ही बनवत होतो. पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्या बनतात. गाडीच्या ब्रेकपासून इंजिनापर्यंत छोटे छोटे संगणक बसलेले असतात, आणि त्यांच्या प्रोग्रॅममध्ये शून्याने भागाकार झाला किंवा ॲरेच्या, म्हणजे ओळीने मांडलेल्या माहितीच्या घरांच्या, हद्दीबाहेर पाऊल पडले तर परिणाम रस्त्यावर दिसतो. आमचे साधन असा प्रोग्रॅम वाचून इशारे द्यायचे. पहिल्या खेपेला इशाऱ्यांची यादी काही हजारांची निघाली. कारखान्यातून आलेल्या इंजिनिअरने त्यातले पहिले वीस तपासले, अठरा खोटे निघाले, आणि त्याने गठ्ठा टेबलावर ठेवून सरळ सांगितले, “साहेब, हे वाचायला माझ्याकडे माणूस नाही.”

कोणाला वाटेल, साधन सुधारा म्हणजे झाले. पण हेन्री राइस या गणितज्ञाने १९५३ मध्ये सिद्ध करून ठेवले आहे की प्रोग्रॅमच्या वागणुकीबद्दलचा कोणताही बिगर-क्षुल्लक प्रश्न सगळ्या प्रोग्रॅमांसाठी अचूक सोडवणारी पद्धत असूच शकत नाही. म्हणजे काही खऱ्या चुका निसटू द्यायच्या, नाहीतर काही खोटे इशारे सोसायचे. पुस्तकात हे प्रमेय अर्ध्या पानात संपते. आम्हाला त्या अर्ध्या पानासोबत चार वर्षे काढावी लागली, कारण समोर एक माणूस बसला होता आणि त्याला सोमवारी गाडी पुढच्या टप्प्यावर पाठवायची होती.

सरांची पद्धत माझ्या डोळ्यांसमोर आहे. १३२ कॉलमचा कंटिन्युअस पेपर, कडेला भोके असलेला, लांबलचक टेबलावर पसरलेला. सर उभ्याने वाचायचे. हातात लाल पेन्सिल. प्रत्येक खोट्या इशाऱ्यापाशी थांबून विचारायचे, “यंत्राला इथे काय माहीत नव्हते?” यंत्र चुकले असे ते कधी म्हणत नसत. त्याला काय माहीत नव्हते, हा प्रश्न. मग आमच्यापैकी सगळ्यांत लहान जो असेल त्याने उत्तर द्यायचे, मोठ्यांनी नंतर. मी बावीस वर्षांची, बी. ई. होऊन आलेली, पहिले तीन महिने माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. चौथ्या महिन्यात एका इशाऱ्यापाशी मी म्हटले, की इथे लूप (त्याच त्या सूचना पुन्हा पुन्हा करणारा भाग) किती वेळा फिरणार ते आधीच्या ओळीत कळते आहे, पण यंत्र ती ओळ ओलांडताना ते विसरते. सरांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “मग आठवण ठेवायला शिकव त्याला.” त्यातून जो पेपर झाला त्यावर पहिले नाव माझे होते. सरांचे चौथे.

आता सांगा, हे अध्यापन नव्हे तर काय? सोळा वर्षांत त्या टेबलाभोवती सव्वीस-सत्तावीस पोरे उभी राहिली. त्यांतले नऊ जण आज शिकवतात. मी त्यातली एक.

पुण्याला तरी हे नवे वाटू नये. १९८१ साली टीसीएसचे फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने टीआरडीडीसी, म्हणजे टाटांचे संशोधन केंद्र, याच शहरात उभे राहिले. त्याचे पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव आयआयटी कानपूरचे प्राध्यापक होते. पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरवर (प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनावर) झुरिकमध्ये निकलाउस विर्थ यांच्या गटाबरोबर काम केलेले केसव नोरी आधी शिकवत होते, मग इथे आले. मथाई जोसेफ मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतून इंग्लंडला वॉरिक विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले आणि १९९७ मध्ये त्याच केंद्राचे प्रमुख म्हणून पुण्यात आले. विद्यापीठातून प्रयोगशाळेत येणारी माणसे पुण्याने सन्मानाने घेतली. उलट दिशेचा रस्ता मात्र आपण अरुंद ठेवला.

सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची गोष्ट तर सगळ्यांनाच पाठ आहे. १९८८ मध्ये स्थापना, आणि १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडता येणारे प्रोसेसर, जोडून बांधलेला परम ८००० हा महासंगणक तयार. हे काम गणेशखिंडीच्या विद्यापीठाच्या आवारात झाले ही बाब मला नेहमी महत्त्वाची वाटते. एका कुंपणाच्या आत महासंगणक बांधणारे आणि एमएस्सीचे विद्यार्थी एकाच झाडाखाली चहा पीत होते. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, पुढे आयआयटी दिल्लीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि नालंदा विद्यापीठाचे कुलपतीही. म्हणजे देशाने हा रस्ता पाहिलेला आहे. पंकज जलोटे यांचे उदाहरणही आपल्याच देशातले : आयआयटी कानपूरचे प्राध्यापक, मध्ये दोन वर्षे इन्फोसिसमध्ये उपाध्यक्ष, आणि २००८ पासून दहा वर्षे ट्रिपलआयटी दिल्लीचे संस्थापक संचालक.

पण मला ज्यांच्याबद्दल जास्त सांगायचे आहे त्या मारिया क्लावे. गणितात पीएच.डी., मग १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे कॅलिफोर्नियात आयबीएमच्या संशोधन केंद्रात. तिथून कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात संगणकशास्त्राच्या विभागप्रमुख, पुढे विज्ञान शाखेच्या अधिष्ठाता, मग प्रिन्स्टनला अभियांत्रिकीच्या अधिष्ठाता, आणि २००६ पासून २०२३ पर्यंत हार्वी मड या छोट्या पण नावाजलेल्या कॉलेजच्या अध्यक्ष. त्या आल्या तेव्हा तिथे संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली सुमारे १० टक्के होत्या. पाच-सहा वर्षांत त्या ४० टक्क्यांच्या आसपास गेल्या.

कसे झाले ते ऐकण्यासारखे आहे. पहिल्या वर्षाचा प्रोग्रॅमिंगचा विषय तिथल्या शिक्षकांनी नव्याने बांधला. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जागी पायथन आणली. आधी प्रोग्रॅमिंग केलेली मुले आणि कधीच न केलेली मुले यांचे वर्ग वेगळे केले. पहिल्याच वर्षी मुलींना संगणकशास्त्रातल्या स्त्रियांच्या मोठ्या परिषदेला नेले, आणि उन्हाळ्यात लगेच संशोधनाला हात लावू दिला. याचे श्रेय क्लावे जाहीरपणे विभागातल्या शिक्षकांना देत आल्या. मला यात प्रयोगशाळेची सवय दिसते : कल्पना ज्याची त्याचे नाव पुढे, आणि प्रमुखाचे काम म्हणजे पैसे, जागा व वेळ मिळवून देणे. माझा हा अंदाज आहे, पण ती सवय मी सरांच्या टेबलाशी पाहिली आहे, त्यामुळे तो मला चुकीचा वाटत नाही. आयबीएममधल्या त्यांच्या आठ वर्षांपुढे कोणी ‘निरंक’ लिहिले असते तर पुढची पस्तीस वर्षे घडलीच नसती.

हार्वी मडचे वाचून आम्ही आमच्या कॉलेजात एक लहानशी गोष्ट केली. प्रॅक्टिकलच्या बॅचेस आपल्याकडे रोल नंबरप्रमाणे पडतात. त्यामुळे हिंजवडीत आईवडील नोकरीला असलेला, आठवीपासून कोडिंगचे क्लास लावलेला मुलगा आणि औशाहून आलेली, मराठी माध्यमातली, हातात फक्त मोबाइल असलेली मुलगी शेजारी-शेजारी बसतात. मी प्रश्न विचारला की मुलाचे उत्तर माझे वाक्य पुरे होण्याआधी येते. मुलगी जर्नल लिहिते. सहा महिने ती जर्नलच लिहीत राहते, आणि आपण तिला ‘अभ्यासू आहे, पण प्रोग्रॅमिंगमध्ये गती नाही’ असे म्हणतो. प्राचार्यांची परवानगी काढून आम्ही एका वर्षी बॅचेस रोल नंबरऐवजी अनुभवाप्रमाणे पाडल्या. बाकी काही बदलले नाही, तीच लॅब, तेच पीसी, तोच सिलॅबस. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात आधी प्रोग्रॅमिंग न केलेल्यांच्या बॅचमधल्या एका मुलीने मला हात करून बोलावले. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, हा लूप एक घर आधीच थांबतोय का?” थांबत होता. तिने तो स्वतः शोधला होता, आणि पुस्तकात छापलेल्या प्रोग्रॅममध्ये शोधला होता. पुढच्या वर्षी वेळापत्रक पुन्हा रोल नंबरवर गेले, कारण परीक्षेच्या बॅचेस तशाच लागतात आणि दोन याद्या सांभाळायला ऑफिसात माणूस नव्हता. एवढ्याशा कारणाने. हे कारण दूर करण्याची ताकद शिक्षकात नसते, प्राचार्यांतही नसते. ती आपण ज्यांचे नाव सुचवणार आहात त्यांच्या खुर्चीत असते.

राज रेड्डी यांचे एकच सांगून पुढे जाते. चित्तूर जिल्ह्यातल्या कातूर गावचा हा माणूस शिक्षण आणि संशोधनाच्या मध्ये तीन वर्षे ऑस्ट्रेलियात आयबीएममध्ये नोकरीला होता. पुढे कार्नेगी मेलनमध्ये रोबोटिक्स संस्थेचे पहिले संचालक, संगणकशास्त्र शाखेचे अधिष्ठाता, १९९४ चे ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान. आणि एवढे सगळे झाल्यावर आंध्रात २००८ मध्ये दहावी झालेल्या खेड्यातल्या हुशार मुलांना थेट सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाला घेणारे विद्यापीठ निघाले, त्याचे कुलपतिपद त्यांनी घेतले. मराठवाडा-खानदेशातून स्वारगेटला नाहीतर शिवाजीनगरला उतरणाऱ्या मुलांकडे पाहिले की मला त्या विद्यापीठाची आठवण येते.

आता नियमाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कुलगुरुपदासाठी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून दहा वर्षे, किंवा नामवंत संशोधन अथवा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेत दहा वर्षे आणि शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा, असे म्हटले आहे. २०१० च्या नियमावलीतही ‘समकक्ष पद’ म्हणून ही सोय होतीच. म्हणजे सरांचा अर्ज नियमाने बसत होता. दार उघडे होते, पण आतल्या माणसांनी ते भिंत समजून पाहिले. ‘संशोधन संस्था’ या शब्दांचा अर्थ आपण सवयीने सरकारी प्रयोगशाळा एवढाच धरतो. पाषाण रस्त्यावरची असेल तर चालते, कंपनीच्या गेटाच्या आतली असेल तर नाही.

मी उलट टोकाला जात नाही आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात उद्योग, लोकप्रशासन, सार्वजनिक उपक्रम यांतल्या दहा वर्षांच्या वरिष्ठ अनुभवालाही कुलगुरुपदाचे दार उघडायचे सुचवले. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावरून खूप बोलणे झाले, आणि ज्यांना भीती वाटली त्यांची भीती मला पटते. ज्याने आयुष्यभर फक्त माणसांचे तास विकले, ज्याच्या हातून एकही प्रश्न तळापर्यंत गेला नाही, असा मोठ्या पगाराचा व्यवस्थापक विद्यापीठात आला तर तो त्याला प्लेसमेंटचे शेड करून टाकील. तत्त्वज्ञान, पाली, भूगोल या विभागांना तो खर्चाचे खाते म्हणून पाहील. पुण्यात हा धोका इतर कुठल्याही शहरापेक्षा जास्त आहे, कारण इथे कंपन्याही दारात आहेत आणि पालकांचा पहिला प्रश्नही पॅकेजचाच असतो. माझे म्हणणे इतकेच की संशोधन करणारा आणि धंदा चालवणारा यांना एकाच ‘उद्योग’ या शब्दाखाली घालू नका. पहिल्याला बाहेर ठेवायच्या नादात आपण त्याच्यावर अन्याय करतो, आणि पुढे कधी दार सताड उघडले की दुसरा आत येतो.

दोघांतला फरक कागदावर चटकन दिसत नाही, हे मला मान्य आहे. कंपनीतल्या संशोधकाचे निम्मे काम अंतर्गत अहवालांत पडून असते, छापायची परवानगी मिळतेच असे नाही, त्यामुळे पेपर आणि संदर्भांची संख्या मोजली तर तो प्राध्यापकापेक्षा हलका दिसतो. म्हणून त्याला समोर बसवून विचारावे लागते. तुमच्या हाताखालच्या कोणाचे नाव पेपरवर तुमच्या आधी लागले? तुम्ही एखादे काम बंद केले असेल, तर त्यावरची माणसे कुठे गेली, त्यांचे काय झाले? कंपनीला नको असलेला निष्कर्ष तुम्ही कधी सांगितलात का, आणि त्यानंतर काय घडले? खऱ्या संशोधकाला या प्रश्नांवर बोलायला वेळ पुरणार नाही. दुसरा उलाढालीचा आकडा सांगेल.

आणि जे त्याला येत नाही तेही विचारा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या संस्थेच्या मागे पुणे, अहिल्यानगर, नाशिक अशा जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालये असतात. परीक्षा विभाग कसा चालतो, पेपर तपासायला मास्तर का येत नाहीत, सीएचबीवरच्या, म्हणजे तासिकेवर नेमलेल्या, शिक्षकाला महिनोन्‌महिने मानधन का मिळत नाही, अधिसभेत कोण कशासाठी उभे राहते, यातले प्रयोगशाळेतून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काही ठाऊक नसते. आमचे सरसुद्धा प्राध्यापक म्हणून परतल्यावर पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या हजेरीच्या नोंदी वेळेत देऊ शकले नव्हते, आणि त्याचा त्रास मुलांना झाला. कुलगुरूंना मुदत पाच वर्षांची, फेरनियुक्ती नाही. त्यातले दीड वर्ष शिकण्यात गेले तर विद्यापीठाला परवडत नाही, हे मी समजू शकते. अशा उमेदवाराबरोबर प्र-कुलगुरू आणि परीक्षा संचालक कोण असतील, याचा विचार तेव्हाच व्हायला हवा.

बाहेरच्या क्षेत्रातल्या अनुभवी माणसाला शिकवायला घेण्याची ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय आहे की, असे कोणी म्हणेल. २०२२ पासून आहे. पंधरा वर्षांच्या अनुभवाचा माणूस घ्यायचा, तोही जास्तीत जास्त चार वर्षे. चांगली सोय आहे, आमच्याही विभागाला तिचा उपयोग झाला. पण तो पाहुणा असतो. पाहुण्याच्या हातात घराच्या किल्ल्या नसतात.

कुलगुरुपदाचा विषय सरांपुरता केव्हाच संपला आणि हे पत्र मी लिहिते आहे हे त्यांना आवडणारही नाही. माझी विनंती पुढच्या वेळेसाठी आहे. कायद्याप्रमाणे आपल्याला किमान पाच नावे पुढे पाठवायची असतात. छाननीचा तक्ता आपल्यासमोर येईल तेव्हा त्यातल्या ‘समकक्ष संशोधन अनुभव’ या रकान्यात जिथे जिथे ‘निरंक’ दिसेल, तो मूळ अर्ज मागवून घ्या आणि ती वर्षे स्वतः वाचा. एका दुपारचे काम आहे.

प्रयोगशाळेची ती जागा बदलली तेव्हा कंपनीच्या परवानगीने लाल पेन्सिलच्या खुणा असलेल्या कागदांचे दोन खोके मी घरी आणले होते. आता ते आमच्या विभागातल्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात आहेत. कागद पिवळा पडला आहे, अक्षर वाचता येते. आपल्यापैकी कोणाला पाहायचे असतील तर जरूर या. दुपारी दोननंतर माझी प्रॅक्टिकल्स असतात, सकाळी आलात तर निवांत दाखवता येतील.

आपली नम्र,
संगणकशास्त्राची एक शिक्षिका, पुणे